न वटवलेली कुपनं

त्या दुष्काळातली एक घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. ठाण्यातल्या छापील कागदांवर उस्मानाबाद तसंच होतं, त्यावर आम्ही लातूरचा रबरी शिक्का मारायचो. मी अहमदपूर तालुक्यात फौजदार होतो.

रोजगार हमीच्या कामावर तेव्हा मजुरीचा काही भाग धान्याच्या कुपनांत मिळे. कुपन रास्त भावाच्या दुकानात दिलं की ज्वारी मिळायची. एका पाझर तलावाच्या कामावर, कारकुनाच्या तंबूतून शंभर कुपनांचा गठ्ठा चोरीला गेला. संशय म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर. त्याला रोज ठाण्यात बोलावून बसवत होतो. त्याचं एकच पालुपद, "साहेब, डोळा लागला व्हता. हात न्हाई लावला."

एका सकाळी तलावाजवळच्या गावचा रास्त भाव दुकानदार आला. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज खाली.

"साहेब, ख्रिस्ती वस्तीत एक मावशी हाय. दर सोमवारी कुपनं आणती, ज्वारी नेती. ह्या सोमवारी कोरी कुपनं निवडून बाजूला काढली अन् पदराला बांधून वापस नेली. लोक कुपनासाठी भांडून राहिले, अन् ही वापस नेती!"

कुपन पळवणारे मी खूप पाहिले होते. परत नेणारी ही पहिलीच.

मी तडक वस्तीत गेलो. बाई साठीची, पूर्वी दवाखान्यात आया होती. तिच्या अंगणात मोठी चूल होती आणि चुलीभोवती ताटल्या घेऊन म्हातारीकोतारी बसलेली. तिनं सगळं सांगितलं. त्यांच्यात स्वयंपाकाआधी मूठभर धान्य देवाचं म्हणून काढायचं आणि रविवारी चर्चमधल्या थैलीत टाकायचं. घरात ज्वारीच उरली नाही तसे लोक कुपन टाकू लागले. मूठ झाकूनच थैलीत घालायची, कोणी काय टाकलं ते दिसू नये. त्या कुपनांची ज्वारी आणून ही बाई खडी फोडायची ताकद नसलेल्यांना जेवू घालायची.

मी विचारताच तिनं मिठाच्या बरणीआडून कुपनं काढून दिली. मजुराचं कुपन कनवटीला लावलेलं, घामानं मऊ पडलेलं असतं. ही दहा कोरी करकरीत, घामाचा डागही नसलेली.

"ही कष्टाची न्हाईत साहेब. ह्याची भाकर म्हाताऱ्यांच्या तोंडी कशी घालू?"

"मग ठाण्यात का नाही आणली?"

बाईनं बरणी परत जागेवर सरकवली.

"कोणी टाकली?"

"मूठ झाकलेली असती."

दरडावून पाहिलं, गोडीनं पाहिलं. तिची नजर मात्र पुन्हा पुन्हा दोरीवर वाळत घातलेल्या पुरुषाच्या सदऱ्याकडे जात होती. चौकशीत माणसाच्या तोंडापेक्षा त्याचे डोळे लवकर बोलतात. पण सदऱ्यावर कोणाला अटक करता येत नाही. शेवटी मी उठलो.

"मावशी, उद्या पहारेकऱ्याला अटक करतो. दुसरा कोणी सापडत नाही."

दारापर्यंत गेलो आणि मागून हाक आली.

"साहेब, दहा हाईत ती. शंभरातली दहा. हातात येईल त्यातला दहावा वाटा देवाचा, हे लेकाला मीच शिकवलं. कशातून आलं ते त्यानं बघितलं न्हाई, वाटा मात्र टाकला." ती खाली बसली. "तंबूत हजेरी मांडायला तोच जातो. लई वर्सांनी हैदराबादहून घरी आला वो. आत्ताच आला."

दुपारी मुलगा जेवायला आला. तिनं खुणेनं मला थांबवलं आणि त्याला पोटभर वाढलं. मी ओसरीवर बसून राहिलो. हात धुतल्यावर त्यानं मला पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि न विचारता आढ्यातून उरलेला गठ्ठा काढून दिला. पंचांसमोर पंचनामा झाला. जबाबात त्यानं सांगितलं, कुपनं विकून गावातच टपरी टाकायची होती, पुन्हा आईला सोडून जायचं नव्हतं.

गुन्हा कबूल केल्यामुळे शिक्षा थोडकी झाली. पहारेकरी कामावर परतला. मुलगा सुटला, पण गावाकडे फिरकला नाही. कोणी म्हणालं हैदराबाद, कोणी म्हणालं त्याही पुढे.

माझी नांदेडला बदली झाली तेव्हा बाई मुद्दाम ठाण्यात आली.

"तिथं हैदराबादच्या गाड्या येत्यात म्हणं. दिसला तर सांगा, आई रागावली न्हाई. जेवायची वाट बघती."

चोराला काय शिक्षा द्यायची ते कायद्यात लिहिलेलं आहे. खरं बोलणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते मला त्या बाईनं दाखवलं. पुढे कित्येकदा साक्षीदार खरं बोलायला कचरले, तेव्हा मी त्यांच्यावर पूर्वीसारखा ओरडलो नाही.

नांदेडच्या फलाटावर मी कामाशिवायही पुष्कळ फेऱ्या मारल्या. बाई केव्हाच गेली. आता माझेही केस पिकले, पण हैदराबादची गाडी लागली की उतरणाऱ्यांची तोंडं पाहतो. तिचा निरोप अजून माझ्याकडेच आहे.