‘माहीत नाही’ म्हणणारी डॉक्टर

माझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही, आणि डॉक्टरला ते थोडंतरी यायला हवं असं माझं प्रामाणिक मत आहे. मेधा आयर्लंडमधल्या लेटरकेनी गावच्या हॉस्पिटलात छातीच्या रोग्यांची डॉक्टर. नवा पेशंट तिच्या खांद्यावरून मागच्या उंच आयरिश विद्यार्थ्याकडे बघत विचारतो, "डॉक्टर कधी येणार?" मेधा खुर्ची ओढून बसते. "आलीय. खोल श्वास घ्या."

घरातला पेशंट मात्र जास्त अवघड निघाला. फेब्रुवारीत आमच्याकडे आलेली माझी आई कोरोनाने विमानं बंद झाल्यामुळे अडकली, आणि एप्रिलमध्ये पुण्याहून तिच्या थोरल्या भावाचा, गुरुनाथमामांचा, फोन आला. मामा बँकेतून रिटायर झालेले. फ्लॅट कुठे घ्यायचा, मुंज कुठल्या हॉलमध्ये करायची, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, आमच्या घरात सगळं मामा ठरवतात. कारण एकच, मामा बोलताना कधी अडखळत नाहीत. ते म्हणाले, "प्रभा, तुझी ती बीपीची गोळी आहे ना, तिच्यामुळे कोरोना लवकर धरतो. आजपासून बंद!" आईने गोळ्या कपाटात मागे ढकलून दिल्या.

मेधाला कळलं तेव्हा ती आईसमोर जाऊन बसली. "आई, तशी शंका काही लोकांनी काढलीय. खरी की खोटी, अजून कुणालाच नक्की माहीत नाही. पण गोळी सोडली तर बीपी चढेल, हे नक्की. सोडायची नाही."

"माहीत नाही म्हणतेस, आणि वर ऐक म्हणतेस?" आई म्हणाली. "दादाला तर माहीत आहे."

आठवड्याभरात बीपीचा वरचा आकडा एकशेऐंशीच्या पुढे गेला. आईचं डोकं ठणकत होतं, तरी ती मामांनी सांगितलेला काढा पीत होती. झटका आला तर काय? मी मेधाला स्वयंपाकघरात गाठलं.

"मामा हंड्रेड परसेंट चूक आहेत असं सांगून टाक ना तिला. नाहीतर तुमच्या त्या मोठ्या आयरिश डॉक्टरला फोनवर दोन शब्द बोलायला सांग. गोऱ्याचं ती लगेच ऐकेल."

मेधा भडकली. "आज खोटी खात्री दिली आणि उद्या ती फसली, तर परवा माझं कोण ऐकेल? आणि माझ्या घरात, माझ्या सासूला गोळी द्यायला मी गोरा माणूस आणू? वॉर्डात रोज तेच ऐकते. घरी नाही ऐकणार!"

मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला.

तिने आईसमोरच मामांना व्हिडिओ कॉल लावला. "मामा, नमस्कार. गोळी तुम्ही बंद केलीत, तर आता आईंचं बीपीही तुम्हीच सांभाळायचं. एकशेऐंशीच्या वर गेलंय, डोकं दुखतंय. पुढे काय देऊ? आणि काही झालं तर जबाबदारी तुमची, हे आईंना आत्ताच सांगा."

मामा आयुष्यात पहिल्यांदा अडखळले. "अगं... मी आपलं ग्रुपवर आलेलं सांगितलं. डॉक्टर तू आहेस."

"आहेच," मेधा म्हणाली. "आई, गोळी मी चालू करतेय. काही बिघडलं तर मला जाब विचारा. मी इथेच आहे."

फोन बंद झाला. आई मेधाकडे वळली.

"तुला अजूनही माहीत नाही ना, या गोळीने कोरोना धरतो का ते?"

"नाही माहीत."

आईने हात पुढे केला, मेधाने दिलेली गोळी तोंडात टाकली आणि वर घोटभर पाणी घेतलं.

"कळलं की पहिल्यांदा मला सांगायचं," ती म्हणाली. "दादाला मी सांगेन."