तोंड इकडं करा, पावणं

चोराच्या जिवाची अण्णांइतकी काळजी वाहणारा बंदूकवाला अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. अण्णा माझे शेजारी. कळंब्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची घरं भिंतीला भिंत लावून उभी. त्यांची पत्नी वारलेली, मुलगा पुण्याला. आणि माझं आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात गेलं, म्हणून अण्णा मला मास्तर म्हणायचे; त्यात लग्न राहूनच गेलं. अण्णा जैन शेतकरी घराण्यातले. दिवस मावळायच्या आत जेवणारे, कांद्या-बटाट्याला न शिवणारे, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाणारे. अशा माणसाच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत, दुनळी बंदूक टांगलेली होती. उसातली रानडुकरं हाकलायला त्यांच्या वडिलांनी परवाना काढला होता. तेही हवेतच बार काढायचे म्हणे, डुकराला आवाज पुरतो. पुढं रान विकलं, डुकरं मागं राहिली, बंदूक तेवढी अण्णांच्या नावावर होऊन घरात आली. मग अण्णांनी तिला चोर नेमून दिला. मुलगा दर फोनवर पुण्याला बोलवायचा, तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "घराला बंदूक हाय, आन् बंदुकीला मी. परवाना माझ्या नावचा हाय. शिजाऱ्याच्या हातात देऊन येऊ व्हय?" कायदा त्यांच्या बाजूनं होता, त्यामुळं मुलगा गप्प बसायचा. मलाही बरं वाटायचं.

अडचण होती ती काडतुसाची. डुकराचा मोठा छर्रा माणसाला घातला तर माणूस जागेवर जाणार, म्हणून तो बाद. मग त्याहून बारीक, चार नंबरचा छर्रा आणला. वकिलांनी सांगितलं होतं की स्वतःच्या बचावाचा हक्क सगळ्यांना असतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. "गरज किती, हे कोण ठरवणार?" या प्रश्नावर तीन वकिलांनी एकच उत्तर दिलं, "ते त्या वेळच्या परिस्थितीवर." अण्णा वैतागून घरी आले आणि चार नंबरावरून तितरासाठीच्या बारीक, आठ नंबरी छर्ऱ्यावर उतरले. आठवडाभरानं तोही खुपायला लागला. "मास्तर, डोळ्यात गेला तर? जन्माचा आंधळा हुईल की वं. त्येची बायकापोरं कोण संभाळणार?" मग मीठ भरायचा विचार झाला, नंतर जोंधळे. जोंधळ्यातही जीव असतो, हे त्यांच्याच ध्यानात आलं. शेवटी काडतुसं देवघराशेजारच्या कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली कुठं ठेवली ते ते विसरले.

छर्ऱ्याचा नाद सुटला, पण कायद्याचा सुटला नाही. रोज संध्याकाळी तालीम असायची आणि चोर मी. अण्णांनी खुर्ची दाराच्या बरोबर समोर मांडली होती. चोर समोरून आला पाहिजे, पाठीत मार बसला तर कोर्ट विचारणारच, पळणाऱ्यापासून कसला बचाव? मी उंबरा ओलांडला की अण्णा रिकामी बंदूक जमिनीकडे धरून खर्जात म्हणायचे, "पावणं, थांबा. ह्या घरात बंदूक हाय. तुमच्या हातात हत्यार आसंल तर खाली ठेवा, नसंल तर तसं सांगा." मी नाही म्हणायचो. "मग बसा की. च्या घेणार?" चहा होऊन मी निघालो की मागून ओरड यायची, "मास्तर, पाठ दावू नगा! तोंड इकडं करा!" मग मी त्यांच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी, उंबऱ्याला अडखळत, बाहेर पडायचो.

आणि एका भर दुपारी खरा चोर आला. अण्णा मागच्या खोलीतून आले तेव्हा तो त्यांच्या पत्नीच्या लग्नातली तांब्याची घागर उचलत होता. अण्णांनी बंदूक काढली, घसा खाकरला आणि "पावणं" एवढं म्हणेपर्यंत तो घागरीसकट पाठ फिरवून पळत सुटला. मला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, "आरं, तोंड इकडं कर की! आसं न्हाय चालत!" मी धावत गेलो. अण्णा खुर्चीत बसले होते, बंदूक मांडीवर. म्हणाले, "पाठमोऱ्या माणसावर चालत न्हाय, मास्तर."

"कायद्यानं," मी म्हणालो.

"कायद्यानं बी," ते म्हणाले. मग घागरीच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "आता पोराला काय सांगू?"

सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. बंदुकीनं घर राखलं नव्हतं. मुलगा लगेचच्या रविवारी आला, भला माणूस, आवाजही चढवला नाही त्यानं. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. गाडीत बसताना अण्णांनी घराच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "परवाना लागत न्हाय हेला," म्हणाले आणि हसले. पुण्यात त्यांचं सगळं नीट होतं, असं मुलगा फोनवर सांगायचा. अण्णा फोनवर विचारायचे, "सोप्यात कोण येऊन गेलं का?" मी म्हणायचो, कुणी नाही. पावसाळा संपता संपता एका सकाळी मुलाचाच फोन आला. त्याच्या आवाजावरूनच मला कळलं.

घर विकेपर्यंत किल्ल्या माझ्याकडेच आहेत. संध्याकाळी मी जातो, खिडक्या उघडतो, वारा खेळू देतो. खुर्ची दारासमोर आहे तशीच आहे; ती हलवायचं माझ्या मनात येत नाही. मधे माझ्या घरी जाऊन चहा करतो, पण एकट्याचा चहा नेहमी जास्त होतो. परत येऊन खिडक्या लावतो, निघताना दाराशी पोचतो आणि थांबतो. मग वळतो, खुर्चीकडे तोंड करतो, आणि उलट्या पावलांनी उंबरा ओलांडतो. आता अडखळत नाही.