मावशीने वाचून दाखवलेला देश

"शरयू गेली," एवढंच काका फोनवर म्हणाले. मी इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी होते. त्याला आता काही आठवडे झाले… शरयूमावशी माझ्या आईची नागपूरची मैत्रीण, काका तिचे यजमान. मी शिकायला अमेरिकेत आले, तेव्हा वॉशिंग्टनजवळच्या तिच्या घरीच पहिल्यांदा बॅग टेकवली.

मावशी भूगोलाची एम.ए. जगातल्या सगळ्या देशांची माहिती देणाऱ्या एका अमेरिकन सरकारी पुस्तकाच्या संपादनात तिने उमेदीची वर्षं घालवली. ते पुस्तक आधी गुप्त होतं, फक्त अधिकाऱ्यांसाठी. पुढे ते कुणालाही विकत मिळू लागलं, मग इंटरनेटवर आलं, तेही फुकट. शाळेतली मुलं त्यावरून प्रोजेक्ट करायची. सोव्हिएत संघ फुटल्यावर नव्या देशांची पानं करताना घरचा स्वयंपाक काकांनीच सांभाळला, असं ती हसत सांगायची.

तेव्हा त्यांच्या शेजारी मेहरेत नावाची एरिट्रियाची बाई राहायची. तिचे दोन भाऊ स्वातंत्र्याच्या लढाईत मारले गेले होते. देश स्वतंत्र झाला, त्याचं वेगळं पान छापून आलं आणि मावशी पुस्तक घेऊन तिच्या दारात गेली. मेहरेतला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मावशीने वाचून दाखवलं… समुद्रकिनारा, डोंगर, पिकं. भाषांमध्ये तिच्या भाषेचं नाव आलं, तेव्हा ती म्हणाली, "परत वाच." मावशीने परत वाचलं.

मावशीचं दुखणं वाढलं असतानाच, त्या पुस्तकाचं प्रकाशन सरकारने बंद केल्याची बातमी आली. तिला सांगू नकोस, असं काकांनी मला बजावलं होतं. पण हॉस्पिटलमध्ये तिने स्वतःच माझ्या फोनवर एक पान उघडायला सांगितलं. पान उघडेना, तेव्हा मला सांगावंच लागलं. ती हळूच म्हणाली, "शेवटची पानं कुणी नीट तपासली असतील ना गं?"

मी हो म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

परवा काकांकडे गेले होते. बातम्या चालू होत्या. कुठल्याशा बेटाचं नाव आलं आणि काकांनी टीव्ही म्यूट केला. परदेशाचं नाव निघालं की मावशी तिथली राजधानी, पाऊस, माणसं असं सगळं सांगायला लागायची, आणि तेवढा वेळ ते आवाज बंद ठेवायचे. बातमी संपली, जाहिराती लागल्या, तरी काकांनी आवाज सुरू केला नाही…