डोळे नसलेल्या माणसांचा मुखवटा

दिसणारा एकदा पाहतो आणि विश्वासतो. न दिसणारा दहादा चाचपतो आणि तरीही थांबतो. सज्जनहो, रुखमाबाई अशी थांबणारी होती. पाचव्या वर्षी देवीच्या साथीत तिचे डोळे गेले. पण मोहाचे फूल झाडाखाली कुठे पडले, ते तिला नुसत्या आवाजावरून कळे. आलापल्लीच्या वाटेवरच्या खेड्यात तिचे पती मुखरू मास्तर शाळा चालवीत. तिचे बोटांचे, कानांचे, वासांचे जग ऐकता ऐकता त्यांनी एक विज्ञानकादंबरी लिहिली: दूरच्या एका ग्रहावर डोळेच नसलेली माणसे राहतात आणि तळहातांनी विश्व ओळखतात. पुस्तक नागपुरात छापले गेले, आणि १९५७ च्या चैत्रात सिनेमावाले केळुसकर मुंबईहून त्यावर सिनेमा काढण्याचे करारपत्र घेऊन दारात उभे राहिले.

"सही करू नका," रुखमाबाई पतीच्या कानाशी म्हणाली. "मोहाखाली आलेल्या अस्वलावानी माणूस आहे. पाय वाजू देत नाई."

"अवं, पानी तरी दे त्यायले!"

पाणी दिले, शंका मात्र खाली ठेवली नाही. जन्मभर 'आंधळी' म्हणून तिला लग्नात, बारशात, सगळीकडे कोपऱ्यात बसवले होते. त्या पुस्तकात मात्र तिला आंधळी म्हणणारे कोणी नव्हते. तेवढे एकच गाव तिचे. तेही परक्याच्या हाती द्यायचे?

केळुसकरांनी पेटीतून, ग्रहावरची माणसे होणाऱ्या नटांसाठी केलेला कागदाच्या लगद्याचा मुखवटा काढला. तिने तो मांडीवर घेतला. कपाळ, नाक... बोटे थबकली.

"हे दोन भोकं काऊन?"

"नटाला वाट दिसायला हवी, बाई. नाहीतर खडकावर आपटेल. पडद्यावर कोणाला कळणार नाही."

"मले कळलं नं! आज भोकं, उद्या डोळे, मंग काजळ!"

केळुसकर हसले नाहीत. "कॅमेरा म्हणजेच डोळा. तुमची माणसे आवाजावरून डोंगर ओळखतात, ते पुस्तकात चार पाने चालते. पडद्यावर मी काय दाखवू? काळोख? लोक खुर्च्या मोडतील. आणि मास्तरांना तरी ते कुठे साधले? सातव्या प्रकरणात आहेच, समोर निळा डोंगर उभा होता."



"निळा?" रुखमाबाई पतीकडे वळली. "तुमी वाचून दाखवलं तवा निळा नव्हता."

मास्तर करारपत्राच्या कडा जुळवू लागले.

"वाचतानी गाळला?"

"छापून आल्यावर ध्यानात आलं, रुखमे. तुले वाईट वाटन म्हनून..."

"असे अजून किती?"

"मालूम नाई."

अरे देवा! सकाळपासून पाहुण्यावर रोखलेला संशय आता घरातच वळला. ज्याला चोर समजली, तो खरे बोलला होता. ज्याच्या वाणीवर डोळे सोपवले, त्याने मायेपोटी लपवले होते. मायेची लबाडी हाकलता तरी कशी येणार?

तिने मुखवटा बाजूला सारला.

"पुस्तक आना. पयल्या पानापासून वाचा. गाळलं का मले समजन."

मास्तर वाचू लागले. दुसऱ्याच पानावर पांढरे धुके निघाले. त्यांचा स्वर अडखळला, पण शब्द त्यांनी गिळला नाही.

"थांबा. धुकं पांढरं नसते. ते गालाले लागते."

मास्तरांनी लेखणी उचलली. करारपत्र तसेच राहिले. त्यांनी 'पांढरे' खोडले. केळुसकरांनी बूट काढले आणि चटईवर बसत विचारले, "कसे लागते, बाई?"

"आधी डोळे मिटा. दोघंई." ती जराशी थांबली, मग हात पुढे करून सरकली. "मिटले का खरंच? हात लावून पायतो मी."