नर्सबायच्या खोलीतलं स्टूल

माझे वडील खारेपाटणच्या बाजारात पत्रकं वाटत. उरलेल्या गठ्ठ्यांवर आई सांडगे वाळत घाली. वाचायला मी त्याच कागदांवरून शिकले, त्यामुळे अन्याय दिसला की तो लिहून काढायचा आणि वाटायचा, एवढंच मला येत होतं.

वेंगुर्ल्याजवळच्या काजू कारखान्यात ग्रेडिंगला, म्हणजे गर निवडायला लागले, तेव्हा तिथे माझं कोणी नव्हतं. दुपारी बायका वाडीवाडीने गोल करून जेवत, आणि माझी वाडी तिथे नव्हती. म्हणून मी डबा घेऊन आरोग्य खोलीत जायची. तिथली नर्स मला पेशंटचं स्टूल सरकवून द्यायची. ती त्याच गावातली होती आणि सगळ्या तिला नर्सबाय म्हणत. टरफलातल्या तेलाने बी फोडणाऱ्या कटिंगवाल्या बायकांची बोटं भाजतात. ती बोटं धुणं, मलम लावणं हे तिचं रोजचं काम. डॉक्टर कणकवलीहून मंगळवारी येत. माणूस चांगला होता, पण बाकीचे दिवस तो तिथे नसे आणि खोलीत शब्द मात्र त्याचाच चाले.

एकदा एका कटिंगवालीचा तळहात सोलवटून निघाला. नर्सबायने पट्टी बांधली आणि सुपरवायझरला सांगितलं, हात बरा होईपर्यंत हिला खळ्यात वाळत घातलेली बी राखायला बसवा. तो म्हणाला, डॉक्टरांनी सांगू दे, बसवतो. मंगळवार येईपर्यंत ती बाई त्याच हाताने बी फोडत राहिली.

मी पत्रक लिहिलं. जखमा मंगळवार बघून होत नाहीत. डॉक्टरांनी आजार तपासावा, औषध द्यावं, पण कामाच्या जागेवरची आरोग्य खोली चालवावी ती तिथे रोज असणाऱ्या नर्सने, आणि कोणाला कामावरून उठवायचं हे तिने ठरवावं. वेंगुर्ल्याला जाऊन झेरॉक्स काढल्या आणि गेटवर वाटल्या. नर्सबायने एक प्रत पूर्ण वाचली.

"अक्षर बरा आसा तुझा," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिने टेबलावरची काच दोनदा पुसली, आणि तिलाही हे हवं आहे हे मला कळलं.

मालक हुशार. दुपारच्या सुट्टीत शेडमध्ये आला आणि म्हणाला, तुम्हीच सांगा, खोलीचा प्रमुख कोण हवा. नर्सबाय म्हणालात तर उद्यापासून तिचा शब्द चालेल. मग त्याने हात वर करायला सांगितलं. नर्सबायसाठी माझा हात वर गेला, आणखी दोघीतिघींचे गेले. डॉक्टरांसाठी सगळी शेड. त्या हातांमध्ये पट्टी बांधलेला हातही होता. नर्सबाय दारात उभी होती.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर मी त्या पट्टीवालीला गाठलं आणि विचारलं, असं का केलंस. मी चिडले होते. ती अजिबात चिडली नाही.

"हाताचा सोड गो. पण उद्या माका दिवस गेले, नायतर घरात मार खाल्लंय, तर? नर्सबाय माझ्या सासूच्या भजनात बसता. डॉक्टराक म्हायतच नाय मी कोणाची सून ती."

नर्सबाय कधी कोणाचं काही बोलली आहे का, मी विचारलं. नाय, ती म्हणाली, पण तिच्याकडे कोण गेलं एवढं दिसलं तरी पुरे. "तुझा बरा आसा. तू खारेपाटणची. आमका हयच रवाचा आसा."

दुसऱ्या दिवशी हे मी नर्सबायला सांगितलं. तिला ते नवीन नव्हतं. नोकरी लागल्यापासून ती कोणाच्या घरी हळदीकुंकवाला जात नव्हती, की कोणाला वाटू नये ही इथलं तिथे बोलते. भजन तेवढं राहिलं होतं. तेही आता सोडीन, म्हणाली. भजन सोडू नको म्हणून मी भांडले. पत्रकात घालता येईल असं बरंच बोलले मी त्या खोलीत, एकटीच.

माझं मत आजही तेच आहे. प्रमुख नर्सच हवी. फक्त त्यासाठी एका बाईने किती एकटं व्हायचं, हे कुठल्याच पत्रकात मी वाचलं नव्हतं.

जेवण झाल्यावर तिने माझा डबा धुऊन हातात दिला.

"उद्यापासून हय जेवूक येव नको गो," ती म्हणाली. "तू बसलेली दिसलंस की त्यो बायका आत येनत नाय. येवच्यो तर त्यो सुट्टीतच."

मला राग आला, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं.

आता मी खळ्याच्या कडेला, काजूच्या पोत्यांना टेकून जेवते. तिथून खोलीची खिडकी दिसते. पहिले काही दिवस खिडकीत नर्सबाय एकटीच जेवताना दिसायची. मग एका दुपारी पट्टीवाली इकडेतिकडे बघत आत गेली, आणि आतून कोणीतरी पडदा ओढला.