मार्गारेटने दाखवलेली जागा

देवरूखहून निघाले तेव्हा आंब्याचा हंगाम नुकताच संपला होता आणि नवं शतक लागून थोडीच वर्षं झाली होती. मुलगी मेधा ऑस्ट्रेलियात एका लहान बंदराच्या गावी नर्स होती. तिच्यासाठी नेलेलं कुळथाचं पीठ विमानतळावरच्या अधिकाऱ्याने हुंगून पाहिलं आणि ठेवून घेतलं. पिठी (कुळथाचं पातळ पिठलं) लेकीच्या नशिबी नव्हती.

पहिल्या सकाळी खिडकीतून लाल जमीन दिसली, थेट आपल्या सड्यासारखी (सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ). पलीकडे नदी होती.

"नदीपलीकडच्या वस्तीत एकटी जाऊ नकोस हं, आई. मूलनिवासी लोक राहतात तिथे," मेधा म्हणाली.

"तू गेली आहेस?"

"नाही. पण सगळे तसंच सांगतात."

गावच्या वाचनालयात दर आठवड्याला एक बैठक भरे. गोरे आणि मूलनिवासी एकत्र बसून मागे काय घडलं ते एकमेकांकडून समजून घेत. मी हट्टाने मेधाला घेऊन गेले. रूबी नावाची वृद्ध मूलनिवासी बाई बोलत होती. सगळे तिला आंटी म्हणत. तिच्या समाजात थोर बाईला तसंच म्हणतात.

"सरकारी गाडी आली तेव्हा आई नदीवर होती," रूबी सांगत होती. "आम्हाला गोऱ्यांसारखं वाढवायचं म्हणून उचलून नेलं. मला एका संस्थेत ठेवलं, धाकट्या भावाला दुसरीकडे. आमची भाषा बोललं की तोंडात साबण कोंबायचे. भावाला मी अजून शोधते आहे."

कोपऱ्यात मार्गारेट बसली होती, दर वेळी केक करून आणणारी किडकिडीत गोरी म्हातारी. ती उठून उभी राहिली.

"ती गाडी माझे वडील चालवायचे. त्या दिवशी मीही गाडीत होते. तुम्हाला उतरवल्यावर तुमच्या भावाने पुढची सगळी वाट माझा हात धरला होता."



"कुठे सोडलंत त्याला?" रूबीने विचारलं.

"मी जागा दाखवू शकते."

रूबी उठून निघून गेली. पुढच्या बैठकीला ती आली नाही. त्यानंतरच्या बैठकीला मात्र आली आणि सरळ माझ्यापुढे उभी राहिली. "तू गोऱ्यांतली नाहीस, आमच्यातलीही नाहीस. मार्गारेट ती जागा दाखवणार आहे. गाडीत आम्हा दोघींच्या मधे बसशील?"

मेधा गाडी चालवत होती. मागे रूबी आणि मार्गारेट, मधे मी. दोघी आपापल्या खिडकीबाहेर बघत होत्या. वाटेत थांबून मी थर्मासमधला चहा दिला. दोघींनी घेतला, पण एकमेकींकडे पाहिलं नाही.

समुद्रालगत एक दगडी इमारत होती, भावाला ठेवलेली संस्था, आता बंद पडलेली. फाटकाशी मार्गारेट थांबली. "आंटी, तो त्याच हिवाळ्यात तापाने गेला. वडिलांनी जेवताना एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही. सगळ्यांसमोर माझ्या तोंडून निघेना."

रूबीने माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठले. जन्मभर ती जिवंत भावाला शोधत होती. इमारतीमागे निलगिरीच्या झाडांखाली थडग्यांचे लहान लहान उंचवटे होते, कुणाचंच नाव नसलेले. रूबी मातीवर बसली आणि भावाला त्यांच्या भाषेतल्या नावाने हाका मारू लागली. ते नाव मी लिहीत नाही. गेलेल्याचं नाव परक्याने घ्यायचं नसतं, असं तिने सांगितलं आहे. मेधा तोंडावर ओढणी धरून रडत होती.

मार्गारेट फाटकाबाहेरच उभी होती.

"इकडे ये," रूबी म्हणाली. "त्याचा हात शेवटी तू धरलास. मला ते सोसत नाही. पण ये."

निघायच्या आदल्या दिवशी रूबीने मला आणि मेधाला नदीपलीकडे घरी जेवायला बोलावलं. भाजलेला मासा होता, आपल्या खाडीतल्या बोयटाच्या चवीचा. मी विचारलं, "तिला माफ केलंत का?"

"माफीचं मला ठाऊक नाही," ती काटे वेगळे करत म्हणाली. "आता मला जायला एक जागा आहे."

मेधाने त्या दिवशी तिथली भांडी घासली आणि पुढच्या रविवारी येते म्हणून सांगितलं.

देवरूखला परतल्यावर महिला मंडळाला प्रवासाचे फोटो बघायचे होते. मी हे सांगितलं. मग शेजारच्या इंदूकाकू म्हणाल्या, "आमच्या काजूच्या बागेत आधी कातकऱ्यांची घरं होती, बाय. मामंजींनी उठवली. मी नवी नवरी होते. चुली पेटत्या होत्या त्यांच्या."

"आता कशाला ते, आई?" त्यांची सून पुटपुटली.

"मी गेल्यावर सांगणार कोण?"

परदेशात डोळे पुसून येणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी इंदूकाकू आणि मी डोंगराखालच्या कातकरवाडीत गेलो तेव्हा मी त्यांच्या एक पाऊल मागेच चालत होते. एक म्हातारी दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. इंदूकाकू काठी टेकत तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मी वरच्या काजूवाल्यांची सून. तुमची घरं कुठे होती ते मला ठाऊक आहे."

म्हातारीने सूप खाली ठेवलं.

"आमाला बी ठाव हाय," ती म्हणाली. मग थोडी बाजूला सरकली. "बसा."