फक्कीबाईंनी मागितलेली सही

आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या मॅडमचा उजवा हात मनगटापर्यंत कायम पांढरा असायचा. कबड्डीचं मैदान आखायला शिपाई होता, पण त्याने आखलेली रेष त्यांना कधी पटायची नाही. सकाळी सहाला त्या स्वतः दोरी ताणायच्या, फक्कीचं घमेलं कमरेवर घ्यायच्या आणि मुठीतून ती पांढरी भुकटी सोडत वाकून चालायच्या. म्हणून त्यांचं नाव आम्ही फक्कीबाई ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं नसेल, असा आमचा भाबडा समज होता. एकदा मी उशिरा आले तेव्हा हजेरीच्या वहीतून डोकं वर न काढता त्या म्हणाल्या, "ये. फक्कीबाई तुझ्यासाठीच थांबल्यात." त्यानंतर महिनाभर मी वेळेआधी पोचत होते.

त्यांची दुसरी सवय गुडघ्यांची. सामना संपला की औषधांची पेटी घेऊन त्या आम्हाला ओळीने बसवायच्या आणि प्रत्येकीचे गुडघे, कोपरं तपासायच्या. मळवलीच्या मातीचं खरचटणं वेगळं आणि तळेगावच्या मातीचं वेगळं, असं त्यांचं ठाम मत होतं. औषध झोंबून कुणी विव्हळलं की म्हणायच्या, "ओरड, ओरड. एवढा दम चढाईत लावला असतास तर दोन गुण जास्त आले असते." बोलणं टोचरं, पण बोटं फार हलकी होती. माझ्यावर ती बोटं क्वचितच फिरली, कारण मी राखीव खेळाडू. बाटल्या भरणं आणि टॉवेल सांभाळणं एवढंच माझं कबड्डीतलं कर्तृत्व.

आमचा खरा आधार होती पवनानगरची रेश्मा. ती चढाईला निघाली की समोरच्या सातही जणी मागे सरकायच्या. पण त्या वर्षी ती नापास झाली, कॉलेजच्या पटावरून तिचं नाव गेलं आणि स्पर्धेच्या यादीत ते घालता येईना. आम्ही मॅडमच्या खूप मागे लागलो. त्या म्हणाल्या, "यादीत नाव नाही, तर मैदानात पाय नाही. माझी सख्खी मुलगी असती तरी नाही." तरीही रेश्मा सरावाला यायची आणि मॅडम तिला पूर्वीसारखंच शिकवायच्या.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मॅडमच्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं. आमच्याबरोबर कार्यालयातले एक कारकून आले. बारा मुली न्यायच्या आणि बारा परत आणायच्या, एवढंच त्यांना माहीत. त्यांतली कोण कोण, हे नाही. कल्पना माझी होती. संघात आपली काही किंमत व्हावी, याची मला तीच एक संधी दिसली. माझी जर्सी आणि ओळखपत्र मी रेश्माला दिलं. ओळखपत्रावरचा फोटो इतका काळपट होता, की तो कुणाचाही वाटला असता. मी वेगळी, एकटी गेले आणि ओढणी डोक्यावरून घेऊन प्रेक्षकांत बसले. तेव्हा प्रत्येकाच्या हातात व्हिडिओ काढणारे फोन नव्हते. रेश्माने सामना एकटीने ओढून आणला. ढाल आमची झाली आणि 'उत्कृष्ट चढाईपटू' म्हणून माझं नाव पुकारलं गेलं. रेश्मा पुढे जाऊन करंडक घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवत म्हणाली, "घे बाई. तुज्या नावाचा हाय."

रविवारी भाजे गावात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात माझा सत्कार झाला. माझे वडील बिगारी कामाला जात. ते कधी चारचौघांत बोलले नव्हते. उभे राहिले आणि म्हणाले, "म्या जल्मात कंचं बक्षीस न्हाई घेतलं. माज्या सुजातानं घेतलं." आणि ते खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण काय करून बसलो आहोत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

सोमवारी मॅडम पेढे घेऊन आल्या. आईला बरं वाटत होतं, त्यात ढाल आलेली. स्वारी खुशीत होती. पेटी उघडून म्हणाल्या, "आधी आमची चढाईपटू." मला सलवार वर घ्यायला लावली. त्यांनी एक गुडघा पाहिला, मग दुसरा. कोपरं उलटसुलट करून पाहिली. साधा ओरखडाही नव्हता. मग त्यांची नजर कडेला उभ्या असलेल्या रेश्माकडे गेली. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर खपल्या धरल्या होत्या. मॅडमनी तिला जवळ बसवलं, जखमा पुसल्या, मलम लावलं आणि मगच विचारलं, "किती चढाया मारल्यास?"

रेश्माने सगळं सांगितलं. ढाल परत करायची, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा ती रडत रडत भांडली. "मॅडम, दम माजा, रगत माजं. मी काय चोरी केली व्हय? ढाल परत का म्हून द्यायची?"

"दम तुझाच आहे. तो कुणी काढून घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण समोरच्या मुली यादीप्रमाणे खेळल्या. त्यांचीही कुणी रेश्मा घरी बसली असेल. ढाल त्यांची आहे."

रेश्माने ओढणीने नाक पुसलं. "मंग देऊन टाका," ती म्हणाली.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "सुजाता, 'अंतिम सामन्यात मी खेळले नाही', एवढं कागदावर लिही आणि सही कर. पुढचं मी निस्तरते. तुझं शिक्षण थांबू देणार नाही."

मी सही केली नाही. मग मॅडमनी तोंडीच प्राचार्यांच्या कानावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना आणि आम्हा मुलींना खोलीत बोलावलं. कॉलेजला मिळालेली ती पहिलीच ढाल त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी विचारलं, "काय गं, तूच खेळलीस ना?" वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, असं आजवर मी स्वतःला सांगत आले. पण वडिलांच्या आड किती लपायचं? करंडक मला हवा होता. मी म्हणाले, "हो सर, मीच खेळले. मॅडम तर तिथं नव्हत्याच." ते दुसरं वाक्य मला कुणी विचारलंही नव्हतं. मागे उभ्या मुलींनी माना डोलावल्या. पटावर नसलेल्या रेश्माला कुणी बोलावलं नव्हतं. मॅडम रागावल्या नाहीत. मला काही दुखलंखुपलं आहे का, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाहेर गेल्या. त्या कंत्राटी होत्या. आपल्याच संघाची बदनामी करणारी बाई म्हणून जूनमध्ये त्यांना पुन्हा घेतलं नाही.

त्या करंडकाच्या प्रमाणपत्राने मला शारीरिक शिक्षणाच्या पदवीला प्रवेश मिळवून दिला. आज मी लोणावळ्याच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. एका स्पर्धेहून परतताना मुलींना भूक लागली, म्हणून गाडी कार्ल्याच्या फाट्यावर थांबवली. तिथल्या वडापावच्या दुकानात, भावाच्या मदतीला, मॅडम उभ्या होत्या. मी डोकं दुखतंय असं सांगून गाडीतच बसून राहिले. एक मुलगी परत येऊन म्हणाली, "मॅडम, त्या मावशींनी माझा गुडघा बघितला. पट्टी कुणी बांधली विचारलं. तुमचं नाव सांगितलं, तर म्हणाल्या, छान बांधते." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. उतरून चार पावलं जायला काय जात होतं? मी नाही उतरले.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. तळेगावला जुन्या मुलींनी शोकसभा घेतली. सूत्रसंचालन करणारीने "मॅडमच्या काळातली उत्कृष्ट चढाईपटू" म्हणून मला बोलायला बोलावलं. मी दहा मिनिटं बोलले. त्यांच्या शिस्तीवर बोलले, प्रामाणिकपणावर तर फारच सुंदर बोलले. खाली आले तेव्हा रेश्मा भेटली. डोळे पुसत म्हणाली, "लय चांगलं बोललीस गं." टोमणा असता तर सोसला असता. ती मनापासून म्हणाली होती.

त्याच आठवड्यात एका कॉलेजच्या संघाने यादीबाहेरची मुलगी खेळवल्याची बातमी आली. सरावाआधी माझ्या मुलींची त्यावर जुंपली. निम्म्या म्हणत होत्या, बक्षीस काढून घ्या. निम्म्या म्हणत होत्या, खेळून मिळवलंय, राहू द्या. शेवटी त्यांनी मला विचारलं. माझं कुणी काढून घेतलं असतं तर मी तेव्हाच सुटले असते, हे सांगायला गेले आणि सगळंच सांगून बसले: जर्सी, ओळखपत्र, प्राचार्यांची खोली, गाडीची खिडकी. दोघी उठून पाण्याच्या टाकीकडे निघून गेल्या.

सगळ्यांत लहान मुलगी तेवढी समोर बसून राहिली. तिने विचारलं, "मग त्या मॅडमना तुम्ही खरं सांगितलंत ना, नंतर?"

"नाही," मी म्हणाले. "त्या होत्या तोवर नाही सांगितलं."